पहिल्या बोटीची मुदत

मला पोचवायला धक्क्यावर एकच माणूस आला होता, आणि तोही मोटारीतून खाली उतरला नाही. ते माझे वडील. काच अर्धी खाली करून बसले होते, टोपी मांडीवर, नजर समोरच्या गोदामाच्या भिंतीवर. मे महिना संपत आला होता. पावसाळ्यासाठी समुद्र बंद होण्याआधी कोकणाकडे जाणारी ही शेवटची बोट होती. कोकणातून येणाऱ्या बोटी आंब्याच्या करंड्या, फणस, चाकरमानी आणि त्यांची रडवेली पोरे यांनी खच्चून भरून येत होत्या. आमची जाणारी बोट मात्र निम्म्याहून रिकामी. डेकवर पोस्टातला एक कारकून, वळकट्यांवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या आणि मी. माझ्याजवळ चामड्याच्या तीन बॅगा, एक रेशमी छत्री आणि नवरा. हा नवरा तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत माझ्या हाताखाली नोकरीला होता.

पपा काचेतून म्हणाले, "हौस आहे, फेडून घे. पाऊस संपला की पहिल्या बोटीने परत ये. तुझी खोली मी बंद करत नाही." एवढे बोलून त्यांनी काच वर केली. त्या वेळी मला त्यांचा भयंकर राग आला. निरोप देणे त्यांना कधीच जमत नसे, हे कळायला मला पुढे फार दिवस लागले.

रत्नागिरीहून मुंबईला गेलेल्यांच्या आठवणी घरोघरी सांगतात. मुंबईहून रत्नागिरीला नांदायला आलेली बाई विरळा, म्हणून हे लिहिते आहे. गिरगावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी आहे, आणि मे महिन्यात गावी आलात की "वहिनी, इथे करमतं कसं हो?" असे विचारणाऱ्या आमच्या वाडीच्या मुंबईकरांनो, तुमच्यासाठीही आहे. करमते. कसे ते सांगते.

माझ्या वडिलांचे मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, हॉटेल होते. साहेब लोक, पारशी शेठ, बंदरात उतरलेले कप्तान असे तिथले गिऱ्हाईक. पपांना मुलगा नव्हता आणि पुतण्यांवर विश्वास नव्हता, म्हणून बी.ए. झाल्याबरोबर त्यांनी मला ऑफिसात बसवले. पुढे त्यांचे छातीचे दुखणे निघाले आणि अख्खे हॉटेल माझ्या गळ्यात पडले. सव्विसाव्या वर्षी मी तिथली मॅनेजर होते. चाळीस माणसे माझ्या शब्दावर हलत. लग्नाची स्थळे जिना चढून येत, मुलगी ऑफिसात बसते असे ऐकत, आणि चहा घेऊन जिना उतरून जात. मला त्याचे काही वाटत नाही असे मी सगळ्यांना सांगत असे. वाटत होते.

दत्ताराम बारवर होता. रत्नागिरीचा भंडारी, भाट्याच्या खाडीपलीकडच्या वाडीतला. बाप माडावर चढून माडी काढणारा, आजाही तेच करणारा. हा मुंबईला येऊन आधी ग्लास विसळायला लागला आणि विसळता विसळता काउंटरमागे पोचला. स्वतः थेंब घेत नसे. पण नुसता वास घेऊन व्हिस्कीत कोणी पाणी घातले आहे का हे तो सांगे, आणि त्याचे कधी चुकले नाही. मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले ती भांडायलाच. दुपारी चार वाजता, बार उघडण्याआधी, मी काही कामासाठी तिथे गेले तर हा गृहस्थ सगळ्यात उंची स्कॉचची बाटली उघडून कोपऱ्यातल्या फरशीवर ओतत होता.

"काय सांडतोस?" मी ओरडले.

"सांडत नाय बाईसाहेब. देतंय. जागेवाल्याला."

कोकणात प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो आणि धंद्याला बसण्याआधी त्याचा वाटा त्याला द्यावा लागतो, हे मला त्याच दिवशी समजले. मी विचारले, तुझ्या जागेवाल्याला स्कॉचच कशी लागते? तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हितली जागा साहेबाची. हितला जागेवाला माडी घेनार नाय."

मला हसू आवरेना. मॅनेजरने नोकरासमोर असे हसू नये, म्हणून मी तशीच पाठ फिरवून ऑफिसात आले आणि दार लावून हसले. दुसऱ्या दिवशी चार वाजता मला बारमध्ये पुन्हा काहीतरी काम निघाले. तिसऱ्या दिवशीही निघाले.

मग तो मला शिकवू लागला. आधी बर्फ, मग दारू, शेवटी सोडा, आणि गिऱ्हाइकाचे दुःख त्याच्याही नंतर, असा त्याचा क्रम होता. कोणता साहेब ग्लास कसा धरतो यावरून त्याचे बायकोशी भांडण झाले आहे की वरिष्ठाशी, हे तो ओळखे. मी त्याला इंग्रजी पाट्या वाचायला शिकवल्या. चार ते पाच हा एक तास. बाकीचे तेवीस तास मी इतर कामे करत असे, आणि ती बरीच वाईट करत असे. हे प्रेम आहे असे मात्र माझ्या डोक्यात आले नाही. आम्ही शिकलेल्या बायका, आम्हाला अशा गोष्टी उशिराच कळतात.

एके दिवशी त्याच्या घरून तार आली. बाप माडावरून पडून गेला होता. दत्ताराम महिनाभर गावी गेला. त्याच्या जागी ठेवलेला माणूस चांगला होता, चुणचुणीत होता, आणि मला तो डोळ्यांसमोर नको झाला. रोज चार वाजता मी बारच्या दाराशी उभी राहायची आणि तशीच परत फिरायची. अशा एका दुपारी मी स्वतःशी स्पष्ट कबूल केले की मला हा माणूस हवा आहे, आणि हवा म्हणजे कायमचा.

तो परत आला तेव्हा मी त्याला ऑफिसात बोलावले. डोक्यावर नुकतेच केस उगवत होते. महिनाभर रजा झाली म्हणून नोकरी गेली, असे धरून तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी म्हटले, बस. तो बसेना. तशीच, तो उभा असतानाच, मी माझ्या मनातले सांगितले. सांगताना टाचणीच्या डबीतल्या सगळ्या टाचण्या मी टेबलावर सांडल्या. तो बराच वेळ त्या वेचत राहिला.

"बसलो तर मंग उठवायचा नाय," तो म्हणाला.

मी म्हटले, नाही उठवणार. मग तो बसला.

पपांनी आरडाओरडा केला नाही. "काउंटरमागचा माणूस जावई म्हणून टेबलाशी कसा बसवू?" एवढेच विचारले, आणि मग आपणच तोड काढली: पुण्याला त्यांच्या ओळखीच्या गोदामात दत्तारामला कारकुनी मिळेल, चार वर्षांत लोक विसरतील. दत्ताराम नाही म्हणाला. घरी आई एकटी होती. "माड कोनाची वाट बघत नाय," तो म्हणाला. मला मात्र तो काहीच म्हणाला नाही, ये म्हणूनही नाही. मीच माझी बॅग भरायला काढली. नोंदणीच्या कचेरीत आमचे लग्न लागले. साक्षीला हॉटेलातला गोव्याचा आचारी आणि आमचा म्हातारा पियानोवाला. दोघेही रडले आणि दोघांनीही कारण सांगितले नाही.

रत्नागिरीच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात थांबते आणि उतारूंना पडावातून आणतात. त्या पडावात उडी मारताना माझी रेशमी छत्री समुद्रात पडली आणि खलाशी म्हणाला, "बरा झाला. हितल्या पावसात तिचा काय झाला असता!" तिथून पायी खाडीवर, मग तरीतून, म्हणजे खाडी ओलांडून देणाऱ्या होडीतून, पलीकडे, मग माडांच्या बागेतून घर. सासूबाई अंगणात उभ्या होत्या. दत्तारामने आधी सगळे पत्राने कळवले होते आणि वाडीतल्या मास्तरने ते वाचून दाखवले होते. म्हणजे ते अख्ख्या वाडीने ऐकले होते. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. "आलंस? पाय धू," म्हणाल्या. पुढे दीड महिना त्या माझ्याशी जवळजवळ बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी देवळात गाव बसला. गावकर म्हणजे गावच्या देवाधर्माचा आणि न्यायनिवाड्याचा मुख्य. आमचा गावकर उंच, सावकाश बोलणारा माणूस. रत्नागिरी शहरात त्या दिवसांत सहभोजनांच्या सभा होत होत्या, पण त्या सभांतले भाषण खाडी ओलांडून पोचले तरी पान पोचले नव्हते. गावकर म्हणाला, "बाय परजातीची. घर वाळीत. पन आता बोट बंद, बायला धाडायची कुठं?" पालीवरून कोल्हापूरची मोटार होती, भर पावसात परक्या बाईला घाटात घालणे मात्र त्याला बरे वाटेना. म्हणून त्याने मुदत दिली: "पावसानंतरच्या पयल्या बोटीनं ही बाय गेली पायजे. गेली की त्याच दिवशी घराची वाळीत उठली." पपांचे आणि गावकराचे शब्द तंतोतंत जुळले, याचे मला तशातही नवल वाटले.

वाळीत म्हणजे काय हे मुंबईत राहून कळत नाही. तिथे शेजारी महिनोन्‌महिने बोलत नाहीत आणि कोणाचे काही बिघडत नाही. इथे पावसाआधी घर शाकारायचे तर दहा हात लागतात. आमच्याकडे कोणी फिरकले नाही. दत्ताराम छपरावर, मी खालून गवताच्या पेंढ्या वर फेकणार, त्यातल्या निम्म्या माझ्याच डोक्यावर येणार. चूल विझली तर विस्तव मागायला जागा नाही. रस्त्यात बाया समोरून आल्या की माडांकडे बघत जात. दत्ताराम माडीची मडकी घेऊन तरीने शहरातल्या दुकानात पोचवून येई, त्यामुळे चूल पेटत होती. पण सासूबाईंच्या ओटीवर आधी संध्याकाळी पाच-सहा बाया बसत, त्या ओटीवर आता कोणी नव्हते.

मी आपले मॅनेजरपण सोडले नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघरात मी फळ्या लावल्या, डबे उंचीप्रमाणे मांडले, मीठ-मिरचीला चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे जिथल्या तिथे परत. मी पुन्हा मांडले. पुन्हा परत. आठवडाभर आमचे हे मुकाट युद्ध चालले आणि मी हरले, कारण त्या माझ्याआधी उठत. आज मी त्यांच्याच पद्धतीने डबे मांडते आणि मला सगळे अंधारातही सापडते.

मग लावणी आली. लावणीला वाडी एकमेकांच्या शेतात उतरते. आमच्या शेतात आम्ही तिघेच. बांधापलीकडे गावकराचे शेत, तिथे पंधरा माणसे. दत्ताराम रोपांच्या मुठी आणायला गेला होता, सासूबाई दूरच्या कोपऱ्यात पाठमोऱ्या वाकल्या होत्या. मी लुगडे खोचले आणि कोणाला काही न विचारता कामाला लागले. रोप खोचायचे, पाऊल पुढे टाकायचे. रोप खोचायचे, पाऊल पुढे टाकायचे. माझा वेग चांगला होता. चिखलात कंबर मोडत होती, पण काम उरकत होते म्हणून मी खुशीत होते. लावणी मागे मागे सरकत करतात, पुढे जाणारा स्वतःच लावलेले तुडवतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. मला माहीत नव्हते. पलीकडची पंधरा माणसे हात थांबवून बघत होती. वाळीतल्या बाईशी बोलायचे नाही, म्हणून कोणी बोलत नव्हते. मी अर्धा तुकडा तुडवला.

शेवटी गावकरणीला राहवले नाही. खुद्द गावकराची बायको. भाताची नासाडी बघवेना तिला. "अगो बाय, मागं सर! मागं! तुज्याच पायाखाली चिरडतंस गो समदा!"

मी दचकून वळले, आणि पाय अडकून पाठीवर पडले, अख्खी, चिखलात. सासूबाईंनी मान वळवून पाहिले. आधी मला, मग माझ्यामागचा तो तुडवलेला तुकडा. आणि त्या हसल्या. खाली बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नवरा गेल्यापासून त्या हसल्या नव्हत्या, असे दत्तारामने मला मागाहून सांगितले. त्यांच्यामागे बांधापलीकडचे सगळे हसले. मीही चिखलात पडल्यापडल्या हसले.

मग एकदम सगळे गप्प. वाळीतल्या घराशी जो बोलेल त्याचे घर वाळीत, असा गावाचा नियम, आणि बोलली होती गावकरीणच. गावकर इरले पांघरून बांधावर उभा होता. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने सावकाश आभाळाकडे पाहिले. "पाऊस मोठा हाय," तो म्हणाला. "कायच ऐकू येत नाय." पाऊस तेव्हा भुरभुरत होता.

त्या संध्याकाळी चुलीपाशी सासूबाई पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलल्या. "तू वाईट नाय हायस गो. काम येत नाय, पन वाईट नाय. पन ह्येचा बाप गेला तवा अख्खी वाडी उबी व्हती. मी मेलंय तर दत्तू एकटा काय करील? खांद्याला चार तरी लागतात." त्यात आरोप नव्हता. त्या मला आपली भीती सांगत होत्या, घरच्या माणसाला सांगतात तशी. त्यांनी जा म्हटले असते तर मी हट्टाने राहिले असते. त्या तसे म्हणाल्या नाहीत, म्हणून मी जायचे ठरवले. माझ्या संसारासाठी एका म्हातारीने असे बिनमाणसांचे जगावे आणि तसेच मरावे, हे मला मान्य होईना.

मी दत्तारामला सांगितले. तो म्हणाला, "मी पन येतंय." मी विचारले, आणि आई? तो माडीची मडकी उचलून बाहेर गेला. पुढचे दिवस आम्ही दोघे एकमेकांशी फार सांभाळून, परक्यासारखे बोललो. भांडलो असतो तर बरे झाले असते. लग्नातला सगळ्यात वाईट काळ कोणता असे विचाराल तर तो. मी पपांना लिहिले, पहिल्या बोटीने येते आहे.

नारळीपौर्णिमा झाली, समुद्र निवळला, बोट सुरू होणार अशी बातमी तरीवर आली. मी बॅग उघडून लुगडी घडी करून ठेवू लागले. सासूबाई येऊन शेजारी बसल्या आणि मी ठेवलेली लुगडी एकेक करून बाहेर काढू लागल्या.

"एवडी कशाला? आठ दिसाला दोन पुरं."

"आठ दिवस?"

"आटवड्याला एक बोट. पयल्या बोटीनं जा. दुसरीनं ये." मी त्यातले एक परत बॅगेत घातले. तेव्हा त्यांनी मठ्ठ पोराला सांगावे तसे सावकाश सांगितले. "गावकरानं जायचा सांगितलान. यायचा नाय असा कोन बोललाय? वाळीत एकदा उठली की त्याच गुन्ह्यासाटी परत टाकता येत नाय. गावकरनीला इचारून घेतलाय मी. तिच्या म्हाताऱ्याच्या डोक्यात ह्या शिरायच्या आत तू बोटीत बस."

मी बी.ए. चाळीस माणसे हाताळलेली. दोन महिने रडले, पण एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. कोकणी माणसाला कोर्टाची फार हौस, असे मुंबईत हसून म्हणतात. हसा खुशाल. माझा संसार त्या हौसेवर उभा आहे.

मी निघाले त्या दिवशी सगळी वाडी तरीपर्यंत आली. त्याआधी देवळात गावकराने नारळ फोडला, गाऱ्हाणे घातले, बाई चालली आणि घरावरची वाळीत उठली असे देवाला सांगितले, आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. सासूबाई पदर डोळ्यांना लावून इतक्या हमसून रडल्या की मलाच शंका आली, बेत बदलला की काय.

मुंबईच्या धक्क्यावर पपा मोटारीतून उतरून उभे होते. माझ्या खोलीला त्यांनी नवे पडदे लावले होते. त्यांचा आनंद बघून मी दोन दिवस खरे सांगायचे टाळले. तिसऱ्या दिवशी जेवताना मी सगळे सांगितले. त्यांनी काटा खाली ठेवला. "म्हणजे तू राहायला आली नाहीस. भेटायला आलीस." त्या रात्री त्यांना ताप भरला. खरा ताप, सोंग नव्हे. दुसरी बोट गेली तेव्हा मी त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. घरी पत्र टाकले. ते पत्र माझ्याबरोबर माझ्याच बोटीने आले हे मागाहून कळले.

खोटे कशाला बोलू, त्या आठवड्यात मन डळमळले. विजेचा पंखा, बर्फ घातलेला सोडा, कोरडी गादी, आणि उशाशी म्हातारा बाप. सासूबाईंना त्यांची वाडी परत मिळाली होती. मी गेले नाही तर त्यांचे काय अडणार होते? दत्ताराम येऊन-जाऊन राहील. असे हिशेब मी अंथरुणात पडून करत होते. चार वाजले की मात्र मी उठून बारच्या दाराशी जात होते आणि परत फिरत होते. ताप उतरल्यावर पपांनी ते पाहिले. "बोट कधी आहे?" त्यांनी विचारले. मग म्हणाले, "जिन आणि लिंबाचे ते काय करायचा तुझा नवरा, ते या नव्या माणसाला जमत नाही. विचारून कळव." यापेक्षा मोठा आशीर्वाद त्यांच्याकडून मी कधी ऐकला नव्हता.

याला आता बरीच वर्षे झाली. बंदराजवळ आमची खाणावळ आहे, बोटीच्या उतारूंसाठी. भात, मासळीची आमटी, सोलकढी. मी मॅनेजर आहे आणि मॅनेजरचे ऐकणारे कोणी नाही. दत्ताराम काउंटरवर लिंबू-सोडा बनवतो. आधी बर्फ मागायची सवय त्याची अजून गेलेली नाही, आणि रत्नागिरीत बर्फ कुठला? तो अजून मला बाईसाहेब म्हणतो, आणि तसे म्हटले की मला अजून बरे वाटते. पपा दर वर्षी पावसानंतरच्या पहिल्या बोटीने येतात, ओटीवर गावकराशी तासन्‌तास वाद घालतात, आणि सासूबाईंच्या हातची कुळथाची पिठी मागून खातात. मला मुंबई आठवत नाही असे नाही. ट्रामची घंटा आठवते, इराण्याचा पाव आठवतो, संध्याकाळी सगळे दिवे एकदम लागत ते आठवते. आठवले की मी आठवू देते.

तुम्ही सारे मला एकच विचारता, की आता घर म्हटले की कोणते घर डोळ्यांपुढे येते. विचाराने उत्तर देता येत नाही. मी त्या तिसऱ्या बोटीने परतले तो दिवस तेवढा सांगते.

बंदरावरून चालत खाडीवर आले तर तरीत गावकर बसलेला. मी बॅग पायांशी ओढून दुसऱ्या टोकाला बसले. होडी निम्म्या खाडीत आली. मग पाण्याकडे बघत म्हणाला, "मला कायच कळत नाय असा माज्या बायलीला नि तुज्या सासूला वाटतंय. वाटू दे." आणि काठाकडे हनुवटी उचलून म्हणाला, "गेल्या बोटीलाबी ती हितंच येऊन बसलेली. समदी उतरली, तू नाय. तरी शेवटची होडी लागेस्तोवर उठली नाय."

काठावरच्या खडकावर सासूबाई बसल्या होत्या. मी उतरून समोर उभी राहिले, तरी त्यांनी माझ्याकडे बघितले नाही.

"दुसऱ्या बोटीनं ये, बोललेली तुला."

"पपांना ताप होता, आई."

"मंग त्यांस्नी घेऊन यायचा. आपल्याकडं काय जागा नाय?"

एवढे बोलून त्यांनी माझी जड बॅग उचलून डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागून घरी गेले.